घुमट उतरायच्या आत

मामाने घुमट, म्हणजे कातडं ताणून बसवलेलं मातीचं वाद्य, कातड्याची बाजू चुलीकडे करून हातभर अंतरावर ठेवलं आणि मला म्हणाला, "चहा ठेव." मला वाटलं, आल्या आल्या चहा लागतो त्याला. तसं नव्हतं. चहा उकळून, गाळून, पिऊन होईपर्यंत कातडं तापतं, एवढंच ते माप. जुलैच्या हवेत बकऱ्याचं कातडं सैल पडतं आणि घुमट ओल्या गोणपाटावर थाप मारल्यासारखं वाजतं. तापवलं की चढतं, वीसेक मिनिटं चढलेलं राहतं, मग पुन्हा उतरतं. कोठीच्या खोलीत माइक लावून मी गेली सहा वर्षं एकटा बसतोय. त्या सहा वर्षांत वेळेची अशी मर्यादा मला कुणी घातली नव्हती, आणि माझी मीही घातली नव्हती.

मी सावईवेऱ्याचा. दिवसा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याचे हिशेब बघतो, संध्याकाळी घरी येऊन गाणी करतो. करतो म्हणजे शब्द माझे, चाल माझी, पेटी आणि गळा माझा, रेकॉर्डिंग आणि मिक्सही माझंच. घरात आम्ही कोंकणी बोलतो, पण गाणं सुचतं ते मराठीत. देवळातली भजनं मराठी, जत्रेतली नाटकं मराठी, आजोबांची वही मराठी, त्यामुळे कानाला तीच सवय. गोव्यात यावरून किती आणि कसले वाद होतात ते मला ठाऊक आहे. त्यात मला पडायचं नाही.

सहा वर्षांत माझ्या लॅपटॉपवर त्रेसष्ट गाणी अर्धी होती. पुरी झालेली दोन. ही दोन्ही मी इंटरनेटवर टाकली. पहिलं महिन्याभरात एक्केचाळीस जणांनी ऐकलं, त्यातले दहा-बारा आमच्याच घरातले. तो महिनाभर मी रोज रात्री झोपण्याआधी आकडा बघायचो. एकदा आकडा एकाने वाढला म्हणून बायकोला उठवून सांगितलं. ती म्हणाली, "तो मीच. भांडी घासताना लावलं होतं."

दुसऱ्या गाण्याच्या वेळी आकडे बघणं बंद केलं. मग गाणंही बंद पडलं. वर्षभर मी नुसती सामग्री घेतली. आधी दोन माइक जोडता येतील असा इंटरफेस, म्हणजे माइक आणि लॅपटॉप यांच्यामधला डबा, मग सेकंडहँड कंडेन्सर माइक, मग त्याचा स्टँड, मग आणखी एक स्टँड. प्रत्येक वस्तू घेताना वाटायचं, हीच अडून होती. नवा माइक आला त्या रात्री मी अडीच तास नुसतं "एक, दोन, तीन" म्हणत होतो आणि ऐकत होतो. सामान विकत घेणं हा रियाज टाळण्याचा सगळ्यात प्रतिष्ठित मार्ग आहे. घरचेही त्याला काम समजतात.

आमची कोठीची खोली दहा बाय बारा फुटांची. आत गिलावा न केलेल्या चिऱ्याच्या भिंती, वर मंगळुरी कौलं. पूर्वी इथे नारळ आणि सुपारी ठेवायचे. चिरा खडबडीत आणि भोकाभोकांचा असल्यामुळे आवाज काचेसारखा उलटून येत नाही, हे आमचं नशीब. खालच्या सुरांचं मात्र कठीण. ध्वनी सेकंदाला सुमारे अकराशे चाळीस फूट जातो. त्यामुळे बारा फुटांच्या दोन भिंतींमध्ये साधारण ४७ हर्ट्झचा सूर अडकून फुगतो, आणि त्याची दुप्पट म्हणजे ९५. मामाच्या घुमटाचा मुख्य "घुं" माझ्या पडद्यावर नेमका त्या ९५ च्या आसपास दिसत होता. मामाला खोलीच्या मधोमध बसवलं की सगळी खोलीच घुमट व्हायची, भिंतीपासून तीन फुटांवर बसवलं की खालचा सूर गायब आणि नुसती कातड्याची टपटप उरायची. शेवटी मी कानाला हेडफोन लावून बसलो आणि मामाने पाट ढोपराने सरकवत सरकवत भिंतीपासून साडेचार फुटांच्या आसपासची जागा शोधली. तिथे खडूने खूण केली. ती अजून आहे.

आवाज शोषायला कोपऱ्यांत काहीतरी जाड लागतं. अंड्यांचे ट्रे भिंतीला लावतात त्याने खालच्या सुरांना काहीही होत नाही, कुणी सांगितलं तरी लावू नका. बाजारात मिळणारे फोमचे पातळ चौकोनही तसेच. आमच्या कुळागरात, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेत, सोडणांना तोटा नाही, म्हणून मी नारळाच्या सोडणांचा काथ्या सुटा करून सहा गोणी भरल्या आणि चारही कोपऱ्यांत रचल्या. मे महिन्यात काय सुंदर झाली खोली! जूनच्या तिसऱ्या आठवड्यात गोणींना बुरशी आली, चौथ्यात मुंग्या, आणि एका गोणीतून जे काही निघालं ते बघून माझी मुलगी आजतागायत त्या खोलीत येत नाही. मग आईच्या जुन्या गोधड्या दोऱ्यांवर टांगल्या. त्या दर रविवारी ऊन पडेल तेव्हा बाहेर काढायच्या आणि पाऊस आला की धावत आत आणायच्या.

घुमट हे माझ्या डोक्यात आधी नव्हतंच. आधी मी संगणकात मिळणारे तयार ठेके वापरत होतो. ते वाईट नसतात. पण चवथीसाठी आरतीच्या अंगाची चार गाणी करायची ठरवली. २०२५ ची चवथ २७ ऑगस्टला होती, म्हणजे जूनपासून हातात बारा आठवडे. आणि आमच्याकडे माटोळीखाली, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीखाली, आरती म्हणजे घुमट, काठ्यांनी वाजवायचा शामेळ आणि झांजेसारखं कासाळें. घुमटाला २०१९ मध्ये सरकारने गोव्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला, तो बरा दिला. पण मला हवं होतं ते मामाच्या हातातलं घुमट, आणि मामा दोन वाड्यांपलीकडे राहत असून मी त्याला कधी विचारलं नव्हतं. कारण सरळ आहे. दुसरा माणूस आला की त्याच्यासमोर गाणं चुकणार.

ज्यांनी घुमट जवळून बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. हे मातीचं मडकं, दोन्ही बाजूंनी उघडं. मोठ्या तोंडावर कातडं ताणून बसवलेलं, दुसरं तोंड लहान आणि मोकळं. उजव्या हाताने कातडं वाजवायचं आणि डावा हात लहान तोंडावर उघडझाप करत ठेवायचा. आतल्या हवेला जेवढी वाट मिळेल तसा सूर वरखाली होतो. पूर्वी घोरपडीचं कातडं लावत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळालं, आता बकऱ्याचं लावतात. "पयलीं सारकें वाजना," असं मामा सांगतो, पण घोरपड गेली ती बरंच झालं असंही तोच सांगतो.

मी एक माइक कातड्यासमोर लावला, दुसरा लहान तोंडाशी. दोन्ही वेगवेगळे ऐकले, झकास. एकत्र ऐकले तर घुमटाचा जीवच गेलेला. पाऊण तास मी तारा काढल्या आणि जोडल्या. मग लक्षात आलं. हात पडला की कातडं आत जातं, त्या क्षणी समोरच्या माइकवरचा दाब कमी होतो, आणि त्याच क्षणी लहान तोंडातून हवा बाहेर ढकलली जाते, म्हणजे तिथल्या माइकवरचा दाब वाढतो. दोघं एकमेकांना खोडत होते. एका ट्रॅकची बाजू उलटवायची कळ दाबली आणि खोलीत घुमट उभं राहिलं. मामा मागे उभा राहून बघत होता. "म्हणजे तुजो एक कान सरळ आणि एक उलटा होता," म्हणाला. ह्याहून नेमकं मला कुठल्या व्हिडिओत ऐकायला मिळालं नव्हतं.

तोवर वीस मिनिटं केव्हाच उलटून गेली होती. घुमट उतरलं. पुन्हा चूल, पुन्हा चहा.

खरी अडचण पुढे आली. माझी पद्धत अशी: आधी कानात टिकटिक लावायची, तिच्यावर ठेका रेकॉर्ड करायचा, मग पेटी, मग गळा, सगळं सुटंसुटं. म्हणजे कुठलीही चूक नंतर दुरुस्त करता येते. मामाने हेडफोन कानाला लावले, दोन आवर्तनं ऐकली आणि काढून माझ्या हातात दिले. "हे घड्याळ कोणाचं?" मी म्हटलं, मामा, लय सरकू नये म्हणून. तो म्हणाला, "तू गा ना. तू गायलास तर मी कशाला सरकेन?"

मी अगदी बारीक आवाजात सांगितलं की मी नंतर गाणार आहे, एकटा. मामा माझ्याकडे असा बघत राहिला की मी त्याला जेवायला बोलावून नुसतं ताट मांडलं असावं.

एकटा गाण्याची माझी गोष्ट सांगायलाच हवी. मागच्या गाण्याचं धृपद मी एकतीस वेळा गायलो होतो. एकतीसही ठेवले. मग त्यातला सातव्यातला पहिला शब्द, एकोणिसाव्यातली मींड, अठ्ठाविसाव्यातला शेवट असं कापून कापून जोडलं. श्वासाचे आवाज नकोसे वाटले, तेही काढले. तीन आठवडे गेले. एकही सूर चुकलेला नव्हता. ते गाणं मी पणजीच्या बसमध्ये ऐकलं आणि माझाच गळा मला ओळखता येईना. कुणीतरी माझ्या आवाजात माझी नक्कल करत होतं, आणि त्या माणसाला श्वास लागत नव्हता. ते गाणं त्या त्रेसष्टांत आहे.

शेजारच्या केरी गावच्या शास्त्रीय गायिका सुरश्री केसरबाई केरकर. जन्म १८९२ चा. त्यांच्या काळात मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावायची. आलापी, बंदिश, तानांसकट सगळा राग तेवढ्यात बसवायचा, आणि मध्ये ठसका लागला तर ती तबकडी वाया. कापाकापी, जोडाजोडी असला प्रकारच नव्हता. बाईंना रेकॉर्डिंगचं फारसं प्रेम नव्हतं असं म्हणतात, आणि मला ते आता समजतं. तरीही त्यांची 'जात कहाँ हो' ही भैरवी, साडेतीन मिनिटांची, १९७७ मध्ये नासाने व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत घातली. भारतातलं ते एकच संगीत त्या तबकडीवर आहे. व्हॉयेजर १ उडालं ५ सप्टेंबरला आणि बाई गेल्या १६ सप्टेंबरला. त्या यानाने २०१२ मध्ये सूर्याच्या प्रभावाचं कवचही ओलांडलं. केरीच्या चढावर स्कूटर घालताना माझ्या मनात हे दर वेळी येतं आणि पुढच्या वळणापर्यंत मी जरा शहाणा असतो. साडेतीन मिनिटं गायल्या त्या, आणि मी एका धृपदाला तीन आठवडे लावले.

तर मामाचं ऐकलं. टिकटिक बंद केली. एक माइक घुमटाला, एक मला. घुमटाचा दुसरा माइक काढून टाकावा लागला, इंटरफेसला जागाच दोन. म्हणजे ती पाऊण तासाची शोधाशोध वाया गेली, असो. पेटी मांडीपुढे, मामा समोर खडूच्या खुणेवर. एका खोलीत दोघं एकदम वाजवायला लागलो की घुमट माझ्या माइकात शिरतं आणि माझा गळा घुमटाच्या माइकात. मग नंतर एकाचं काहीही बदलता येत नाही, कारण दुसऱ्यात त्याची सावली राहते. माझा सूर चुकला तर तो घुमटाच्या ट्रॅकवरही चुकलेलाच राहणार. टिकटिक नाही म्हणजे एका वेळचा अंतरा उचलून दुसऱ्या वेळच्या धृपदाला जोडायचीही सोय नाही, लय जुळणार नाही. मागे यायची वाटच नव्हती. माझ्या पोटात गोळा आला. चाळिशीच्या माणसाला स्वतःच्या कोठीत, स्वतःच्या मामासमोर.

पहिल्या वेळी मी तिसऱ्या ओळीला थांबलो. "राहिलं," म्हटलं. मामा वाजवतच होता. ठेका सोडेना, फक्त मानेने खूण केली, धर. मी धरलं. ते काही उपयोगाचं नव्हतं, पण शेवटपर्यंत गेलो. दुसऱ्या वेळी मध्येच पाऊस आला. कौलांवर आमचा पाऊस पडतो तेव्हा माइक काय, शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणंही ऐकू येत नाही. थांबलो. पाऊस ओसरला तोवर बारा मिनिटं गेली होती. कातड्याला बोट लावून मामा म्हणाला, "एक जायत. चड ना." एकदा होईल, जास्त नाही.

तिसऱ्या वेळी वीज गेली.

इथे एक गोष्ट सांगतो, जी घरी रेकॉर्ड करणाऱ्याला उपयोगी पडेल. माझा इंटरफेस लॅपटॉपवरून वीज घेतो, आणि माइकला लागणारे ४८ व्होल्टही तोच देतो. त्यामुळे दिवे गेले तरी रेकॉर्डिंग चालू राहतं. उलट चार्जर लावलेला असताना मागे जी ५० हर्ट्झची बारीक घरघर येते तीही थांबते. स्वयंपाकघरातला फ्रीज बंद, विहिरीवरचा पंप बंद, पलीकडच्यांचा टीव्ही बंद. सहा वर्षं ह्या आवाजांना मी गाळण्या लावून लावून थकलो होतो. आता खोलीत काळोख, पडद्याचा निळा उजेड आणि मामाच्या हाताची सावली. आम्ही दोघंही थांबलो नाही. अंतऱ्यात माझा एक सूर थोडा खालीच लागला, आणि घुमट मला सांभाळायला जरासं मागे सरलं. हे पडद्यावर मोजता येतं. मी नंतर मोजलं. गाणं साडेचार मिनिटांचं झालं.

मी अंधारात म्हटलं, "मामा, अजून एक घेऊया? तो अंतऱ्यातला..."

"परत कित्याक?" मामा म्हणाला. खरोखरच त्याला कळत नव्हतं. "जालें न्ही?"

मी घुमटाकडे बघितलं. उतरलं होतं.

त्या दिवसापासून गाण्याला तीनच वेळा, हा नियम मी केला असं म्हणणं खोटं होईल. तो कातड्याने केला. दर शनिवारी दुपारी मामा येई. चूल, चहा, तीन वेळा, आणि संध्याकाळी पोदेराचा पोंगा वाजला की बंद, कारण मामाला पाव घेऊन घरी जायचं असे. आठवडाभर मी फक्त शनिवारची तयारी करायचो. ऑफिसला जाताना बसमध्ये शब्द घोटायचो. पूर्वी मी रात्री माइकसमोर बसून चाल शोधायचो, आता चाल पक्की झाल्याशिवाय माइक लावायला लाज वाटायची. कुणी प्रेरणेविषयी विचारलं तर मी काय सांगू? शनिवारी दोन वाजता मामा छत्री झटकत पायरीवर उभा राहतो आणि तेव्हा माझ्याकडे गाणं नसलं तर मला तोंड दाखवायला जागा नसते. पडद्यावरचे एक्केचाळीस जण असं पायरीवर येऊन उभे राहत नाहीत.

सगळंच छान झालं असं नाही. तिसऱ्या गाण्याच्या सगळ्यात चांगल्या वेळी मागच्या तळीतले बेडूक सुरू झाले. ते ठेवलं असतं तर लोकांनी "वा, गोव्याचा पाऊस" म्हटलं असतं. मला नको होतं. गाण्यात बेडूक हवे असते तर मी आधीच बोलावले असते. खालच्या प्रतीची, पण बेडकांविनाची वेळ घेतली. आणि त्या गाण्याचं मिक्स करताना मी पुन्हा जुन्या वाटेला लागलो, चार रात्री गेल्या, अर्धा डेसिबल वर, अर्धा खाली. पाचव्या रात्री बायकोने दोन्ही लावून विचारलं, "ह्यातलं कुठलं कुठलं?" मला सांगता आलं नाही. झोपलो.

पाठवणं, नोंदवणं वगैरेबद्दल फार काही नाही. वर्षाचे पैसे घेऊन गाणी सगळीकडे पोचवणारी मंडळी असतात, ती काम करतात. आवाज किती मोठा ठेवायचा यात मी पूर्वी डोकं घालायचो. ऐकवणारी बरीचशी माध्यमं सगळ्यांची गाणी स्वतःच एका पातळीवर आणतात. कुठे ती पातळी उणे १४ LUFS (ऐकू येणाऱ्या जोराचं माप) असते, आणि तुम्ही गाणं दाबून दाबून मोठं केलं तर तिथे ते फक्त खाली ओढलं जातं. मी घुमटाला मोकळं सोडलं. मोठा "घुं" मोठा, छोटा छोटा.

चवथीला चारपैकी तीनच गाणी तयार होती. माटोळीखाली आरती झाल्यावर पोरांनी ती फोनवर लावली. मामा ओसरीवर पानाला चुना लावत बसला होता. पहिल्या गाण्याला त्याने मान वर केली, अर्ध्या मिनिटाने विचारलं, "हें कोण वाजवता?" मी म्हटलं, तूच. "बरें वाजवता," म्हणाला आणि पान तोंडात टाकलं.

चौथं गाणं राहिलं ते असं. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी पाऊस इतका होता की कातडं चढेना. मामाने घुमट आगीच्या थोडं जास्तच जवळ नेलं. चढलं, कधी नव्हे एवढं चढलं. पहिली वेळ ठीक गेली. दुसऱ्या वेळी धृपदावरून अंतऱ्यावर जाताना, समेच्या अलीकडच्या मात्रेला, कातडं फाटलं. मडकं शाबूत आहे. मामा ते डिचोलीला नेऊन नवं कातडं बसवून आणणार होता, मग दिवाळी आली, मग सुपारीची पाडणी सुरू झाली. मी दोनदा आठवण केली. "कोरड्यान किदें वाजवतलो," म्हणाला, "पाऊस येऊं दी."

ती दुसरी वेळ मी पुसलेली नाही. दोन मिनिटं अकरा सेकंदांनी फट्ट असा आवाज येतो. पेटीचा सूर आणखी एक-दोन सेकंद लांबतो, कारण माझं बोट पट्टीवरच राहिलं होतं. मग मामाचा आवाज, "जालें," आणि नंतर बराच वेळ नुसता पाऊस.